पाणमांजराला नाव, दगडफुलाला भाव

संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठावर, एका कुत्र्याची समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं महाराजांना वाचवलं, असं साताऱ्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. माणसानं जनावराचे उपकार दगडात कोरून ठेवावेत, हे मला फार आवडतं. लोक तिथं खंड्याचा फोटो काढतात. मी मात्र घाटाच्या पायऱ्यांवर वाकून दगडावरच्या राखी-हिरवट चकत्या बघत बसतो, आणि म्हणून घरचे मला सोबत न्यायला फारसे उत्सुक नसतात. ‘बुरशी आलीय दगडाला’, असं म्हणून माणसं त्यावरून चप्पल घासत जातात. ती अर्धं बरोबर बोलत असतात.

ती चकती म्हणजे शैवाक. शैवल म्हणजे शेवाळ आणि कवक म्हणजे बुरशी, यांचा एकत्र संसार. याच कुळातला एक पानासारखा प्रकार आपण दगडफूल म्हणून वाण्याकडून आणतो, उन्हात तापवतो, डंकावर कुटून आणतो आणि वर्षभर चटणीतून खातो. सातारा-सांगलीत ज्याला चटणी म्हणतात, त्या कांदा-लसूण मसाल्यात दगडफूल नसेल तर घरातल्या मोठ्या बायकांना पहिल्या घासाला कळतं. कच्चं असताना त्याला मातकट, ओल्या लाकडासारखा वास असतो. तापल्या तेलात पडलं की तो वास काय होतो ते मी शब्दांत सांगायच्या भानगडीत पडत नाही.

तर प्रश्न असा, की नदीतलं पाणमांजर आणि झाडावरचं दगडफूल यांची तुलना करायची झाली तर करायची कशावर? हा प्रश्न मी हौसेनं काढलेला नाही. तो एका सरकारी वहीतून निघाला.

कृष्णाकाठच्या एका गावात जैवविविधता नोंदवही बघायचा योग आला. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका गावाची नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत एक व्यवस्थापन समिती असावी आणि तिनं गावातल्या जिवांची, बियाण्यांची, औषधी झाडांची, लोकांच्या माहितीची वही करावी असं ठरवलं. कल्पना सुंदर होती. पण पुढची कितीतरी वर्षं ती कागदावरच राहिली. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. तेव्हा कुठं धावपळ झाली, आणि धावपळीत व्हायचं तेच झालं. मी बघितलेल्या वहीत ‘खारफुटी’ची नोंद होती. गावापासून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडं! कुठल्यातरी किनाऱ्यावरच्या गावाची वही जशीच्या तशी उतरवली असणार, दुसरं काय.

त्याच वहीत ‘पाणमांजर : क्वचित आढळते’ असं लिहिलेलं होतं. ते खरं की उतरवलेलं, म्हणून मी पारावर बसलेल्या आबांना विचारलं. आबांचं उभं आयुष्य नदीत जाळं टाकण्यात गेलंय.

“आबा, पाणमांजर बघितलंय का तुम्ही?”

“बघितलंय म्हंजी? माझं जाळं फाडलंय त्यानं. एकटं येत न्हाई ते, पाच-सहा येत्यात. शिट्ट्या मारत्यात एकमेकाला.”

“आणि दगडफूल?”

“ते वाण्याकडं मिळतंय की.”

या दोन उत्तरांमध्ये माझा सगळा लेख आहे. एकाशी आबांचं भांडण आहे, म्हणजे नातं आहे. दुसऱ्याला भाव आहे, पण गाव नाही.

पाणमांजराची बाजू आधी मांडतो, कारण ती मांडायला सोपी. कृष्णेत दिसतं ते मऊ केसांचं पाणमांजर, शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्सपिसिलाटा. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत, त्यातली ही अंगापिंडानं मोठी. वजन सात ते अकरा किलोच्या आसपास. संस्कृतातला ‘उद्र’ मराठीत ‘ऊद’ झाला. पण उदमांजर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर आढ्यावर फिरणारं, फळं खाणारं वेगळंच जनावर येतं, म्हणून पाणमांजर हाच शब्द बरा. याच्या कातडीखाली देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. दाट लोकरीत हवा अडकते, तीच त्याची गोधडी. ती तेलानं, साखर कारखान्याच्या मळीनं, साबणाच्या फेसानं चिकटली की अंग गारठतं. रोज किलोभर मासे लागतात. बिळासाठी मातीची, झाडांच्या मुळ्यांनी धरलेली काठाची दरड लागते, आणि अंग सुकवायला, लोळायला वाळू. म्हणजे नदीत मासे हवेत, पाणी बरं हवं, दरड शाबूत हवी आणि वाळू जागेवर हवी. यातलं एकेक आपण कृष्णेतून कसं काढून घेतलं, ते सांगलीकरांना सांगायची गरज नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो वास आयर्विन पुलावरून गेलेल्यांना आठवत असेल.

कायदा पाणमांजराच्या बाजूनं उभा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याचं नाव आहे. कातडीच्या आणि पाळीव पिल्लांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली कडक बंदी आली. मे महिन्यातला शेवटचा बुधवार जगभर त्याच्या नावानं साजरा होतो. शिवाय ते दिसायला गोड. मिशा, गोल डोळे, पुढच्या दोन पायांत धरलेला मासा. असा एखादा फोटो पेपरात आला की चार दिवस लोक नदीबद्दल हळवे होतात.

आता दगडफूल. पहिली गंमत नावातच आहे. बाजारात येणारं दगडफूल बहुतेक दगडावरचं नसतंच, झाडांच्या सालीवरचं असतं. त्यातला मोठा वाटा हिमालयाच्या उतारांवरून, बांज म्हणजे ओकच्या फांद्यांवरून खरवडून येतो. त्यात परमोट्रेमा या शैवाक-गटातल्या आणि त्यांच्या सोबतीच्या अनेक जाती मिसळलेल्या असतात. दुसरी गंमत अशी, की ते फूल नाही, वनस्पतीही नाही. कवकाच्या धाग्यांनी घर बांधायचं, शैवलानं उन्हात स्वयंपाक करायचा, असा मामला. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या काळच्या बड्या शैवाक-अभ्यासकांनी त्याला उडवून लावलं. दीडशे वर्षांनी, २०१६ मध्ये, कळलं की अनेक शैवाकांच्या वरच्या सालीत एक वेगळं यीस्टही राहतं. म्हणजे दोघांचा संसार म्हणता म्हणता घरात तिसरं माणूस निघालं.

शैवाकाला मुळं नाहीत. पानावर असतो तसा मेणाचा लेप नाही. पाणी, धूळ, वायू, जे हवेतून येईल ते सगळं ते अंगानं पितं आणि नको ते झटकून टाकायची सोय त्याच्याकडं नाही. वाढतं वर्षाला काही मिलिमीटर, दगडावरच्या खपलीसारख्या जाती तर त्याहून कमी. २००५ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी दोन शैवाकं अंतराळात पाठवली, उघड्या पोकळीत पंधरवडाभर ठेवली, आणि ती जिवंत परत आली. हाच जीव गावच्या धुराड्याखाली मरतो. कारण अंतराळात गंधकाचा धूर नाही.

हे फार जुनं निरीक्षण आहे. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञानं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं मोजली आणि नोंदवलं, की शहराच्या इतर भागांत ती दिसत नाहीत, म्हणजे इथली हवा बरी असली पाहिजे. हवा मोजायचं यंत्र नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. पुढे १९७० मध्ये इंग्लंडात हॉक्सवर्थ आणि रोज या दोन शैवाक-अभ्यासकांनी झाडाच्या सालीवर कोणती शैवाकं आहेत ते बघून हवेतल्या गंधकाचा अंदाज सांगणारी पट्टीच तयार केली. आणि शाळेत आम्लाला लाल होणारा तो लिटमस कागद आठवतोय ना? त्याचा रंग शैवाकातूनच काढलेला असतो. आम्लाची चाचणी घ्यायला आपण मुलांच्या हातात शैवाकाचा अर्क देतो, आणि खिडकीबाहेरच्या जांभळीवर तेच काम जितंजागतं शैवाक करतंय, ते कुणी दाखवत नाही. मीही विज्ञान शिकवायचो तेव्हा दाखवलं नाही. आपली चूक आधी कबूल करावी.

म्हणजे दोघंही साक्षीदार. एक पाण्याचा, एक हवेचा. इंग्लंडात १९५० च्या दशकाच्या शेवटी शेतातली डायल्ड्रिनसारखी कीटकनाशकं माशांतून पाणमांजरांच्या अंगात साठत गेली आणि नद्यांमागून नद्या ओस पडल्या. ती औषधं बंद झाल्यावर हळूहळू पाणमांजरं परतली, २०११ पर्यंत तिथल्या प्रत्येक परगण्यात त्यांच्या खुणा सापडल्या. त्याच देशात कोळशाच्या धुरानं लंडनच्या झाडांवरून शैवाकं गेली होती, धूर कमी झाल्यावर तीही परत आली. दोघांनीही एकाच गुन्ह्याच्या दोन बाजू सांगितल्या. पण साक्षीचा कस लावायचा तर दोघांत फरक आहे, आणि माझं म्हणणं त्या फरकावर उभं आहे.

पाणमांजर पळू शकतं. कृष्णेत मळी उतरली की ते वारणेत शिरेल, पाणी निवळलं की परत येईल. ते दिसलं नाही याची कारणं दहा असू शकतात: जाळी, कुत्री, वाळूचे ट्रॅक्टर, पूर, की आपण पहाटे उठलो नाही. नदीच्या एका वळणावर पाणमांजर दिसलं म्हणून नदी निरोगी, असं म्हणणारा माणूस नदीला ओळखत नाही. दगडफूल पळत नाही. वीस वर्षं एका फांदीवर बसून ते जे काय अंगावर आलं ते सोसतं, आणि त्याचा हिशेब त्याच्या अंगात असतो. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीतल्या अपघातानंतर स्कँडिनेव्हियात रेनडिअरचं मांस फेकून द्यावं लागलं ते यामुळेच. किरणोत्सारी सीझियम शैवाकांनी शोषून धरलं होतं आणि रेनडिअर हिवाळाभर तेच खातात.

इथं एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण ‘शैवाक दिसलं म्हणजे हवा स्वच्छ’ हे वाक्य फार सैल वापरलं जातं. काही खपलीसारख्या, पिवळट जाती अमोनियावर पोसतात. युरियाच्या आणि शेणाच्या पट्ट्यात त्या वाढतात. तेव्हा उसाच्या रानाकडेच्या झाडावर चकत्या दिसल्या म्हणून कुणी हवेला प्रशस्तिपत्र देऊ नये. आणि उलटंही खरं. जत-आटपाडीच्या बाभळीवर शैवाक कमी दिसलं तर दोष धुराचा नाही, पावसाचा आहे. महाबळेश्वरचं अंजनी-जांभळाचं रान वर्षातले कितीतरी महिने धुक्यात भिजतं, तिथं फांदी न् फांदी केसाळ झालेली असते. जतची तुलना महाबळेश्वरशी करणारा अहवाल मला दिला तर मी तो डंकावर पाठवीन. तुलना करायची ती एकाच पावसाच्या पट्ट्यात, एकाच जातीच्या झाडांची, कारखान्यालगत आणि कारखान्यापासून दूर, महामार्गालगत आणि आत गावात. ही अक्कल वापरली तर शैवाकाइतका स्वस्त हवामापक नाही. यंत्रं शहरात बसतात. गुऱ्हाळाच्या, वीटभट्टीच्या, पाचट पेटवलेल्या रानाच्या धुराला कोण मोजतो?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. लोकांना प्रेम करायला चेहरा लागतो. वाघासाठी पैसा येतो, वाघाबरोबर जंगल वाचतं, जंगलाबरोबर शैवाक आपोआप वाचतं. मग वेगळा गजर कशाला? कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला तेव्हा वाघाच्या नावानं खरंच मोठं रान राखलं गेलं, हे मी मान्य करतो. पण ‘आपोआप’ हा शब्द राखीव जंगलातच चालतो. पाणमांजरासाठी नदीचा काठ राखलात तरी काठापासून दोन किलोमीटरवरचा रस्त्याकडेचा वड त्यात येत नाही. आणि शैवाकाचं खरं घर तोच वड आहे.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड आठवा. चारशे वर्षांचा म्हणून सांगतात. २०२० मध्ये महामार्गासाठी तो जाणार होता, लोक उभे राहिले, रस्त्याची आखणी बदलली. तो तेव्हा वाचला, कारण तो एवढा मोठा होता की त्याला चेहरा होता. पण रुंदीकरणात गेलेल्या इतर झाडांच्या बदल्यात काय लावतात? रोपं. एका झाडामागं दहा, हिशेब चुकता. पन्नास वर्षांच्या सालीवर जी वस्ती होती ती त्या दहा गुळगुळीत काड्यांवर यायला किती वर्षं लागतील, हा रकाना कुठल्याच परवानगीच्या कागदावर मी बघितलेला नाही. वडाचा बदला वड नसतो. निदान आपल्या हयातीत तरी नसतो.

कायद्याचंही तसंच. वन्यजीव कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींची पहिली यादी आली तेव्हा तिच्यात सहा नोंदी होत्या: घटपर्णी, ऑर्किडं, एक सायकस, कुष्ठ नावाची औषधी वनस्पती. शैवाक एकही नाही. महाराष्ट्राला राज्यप्राणी शेकरू आहे, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, फुलपाखरू ब्लू मॉर्मन, कांदळवनाचं झाड पांढरी चिप्पी आणि आता मासा म्हणून पापलेटही. कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये कायदा करून स्वतःचं राज्य-शैवाक ठरवलं. कुणी म्हणेल, चला, आपणही ठरवू. मला ते नकोय. राज्य-शैवाक झालं की त्याचा पुठ्ठ्याचा पुतळा कासच्या वाटेवर उभा राहील आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढतील. पापलेट राज्यमासा झालं म्हणून ताटातलं पापलेट वाढलंय का?

दुसरा आक्षेप पुरातत्त्ववाल्यांचा. शैवाक दगड खातं, त्यातून आम्ल झिरपतं, म्हणून वाईच्या घाटांवरून, देवळांच्या भिंतींवरून ते काढलंच पाहिजे. बरोबर आहे, कोरीव मूर्तीचं नाक शैवाकासाठी सोडा असं मी म्हणणार नाही. पण कोरीव दगड आणि साधा घडीव चिरा यांत फरक करा, आणि काढायच्या आधी काय होतं ते लिहून ठेवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम घाटातल्या शैवाकांचे नमुने कित्येक दशकं जपून ठेवलेत. तिथं विचारायला एस.टी.नं अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे.

मला काय हवंय ते एवढंच. गावच्या वहीत एक पान. पाणमांजराचं पान आबा सांगतील तसं लिहा, जाळी फाटल्याच्या तक्रारीसकट, कारण ती तक्रार हीच नोंद आहे. वर्षात किती जाळी फाटली यावरून किती कळप आहेत ते कळतं. नुकसानभरपाई द्या, म्हणजे आबा खरं सांगतील. आणि शैवाकाच्या पानासाठी गावातली पाच जुनी झाडं ठरवा, आंब्याची असतील तर पाचही आंब्याची. छातीच्या उंचीवर सालीला पट्टी लावून शाळेच्या मुलांनी दर दिवाळीत एक फोटो काढावा. नावं नाही कळली तरी चालतील. पानासारखं, खपलीसारखं, दाढीसारखं, एवढं पोरांना दहा मिनिटांत शिकवता येतं. दाढीसारखं सगळ्यात नाजूक, खपली सगळ्यात चिवट. पाच वर्षांनी ते फोटो शेजारी ठेवले, की कारखान्याच्या धुराड्यावर बसवलेल्या यंत्राचे आकडे आणि झाडाचे आकडे जुळतात का ते ग्रामसभेत विचारता येईल. झाड लाच घेत नाही.

आणि मसाल्याच्या पुडीवर मिरची कुठली ते छापता, ‘संकेश्वरी’, ‘ब्याडगी’, तसं दगडफूल कुठल्या रानातून खरवडलं तेही छापा. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी वस्तू आपण तोळ्यानं नाही, पोत्यानं आणतोय.

हे सगळं मी त्या गावात भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना सांगितलं. माणूस सज्जन. खारफुटीवर त्यांनी लगेच काट मारली. मग माझ्याबरोबर शाळेमागच्या आंब्यापर्यंत आले, चष्मा वर करून सालीकडं बराच वेळ बघितलं, बोटानं एक चकती चाचपली. “हे तर लहानपणापास्नं बघतोय,” म्हणाले. तिथंच वही गुडघ्यावर उघडली, नवं पान काढलं, ‘दगडफूल व इतर’ असं सुबक अक्षरात लिहिलं आणि ‘संख्या’ या रकान्यावर पेन थांबवलं.

“नग किती लिहू, सर?”

मी झाडाकडं बघितलं. एक चकती दुसरीत मिसळलेली, दुसरी तिसरीत, आणि प्रत्येकीच्या आत आणखी दोघं-तिघं राहणारे.